सुताची गोळी

चप्पल पायातून निसटली ते मला कळलंच नाही. चार दुकानं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, चप्पल!" मी वळून बघितलं. रस्त्याच्या कडेला एक डावी चप्पल पालथी पडली होती आणि फळवाला तिच्याकडे बोट दाखवत उभा होता. आधी माझ्या मनात आलं, कोण वेंधळी आहे ही! मग खाली बघितलं, तर माझाच डावा पाय अनवाणी. तळव्याला बारीक खडी चिकटलेली, आणि मला त्याचा पत्ता नाही.

फळवाला हसला, मीही हसले. "घाईत होते," म्हणाले. खोटं बोलायची मला तशी सवय नव्हती, पण गेल्या काही महिन्यांत ती चांगलीच अंगवळणी पडली होती.

मी रफूवाली. कापडाला भोक पडलं, सिगारेटने जळलं, कसरीने खाल्लं, खिळ्याला अडकून फाटलं, की ते असं बुजवायचं की गिऱ्हाइकाने स्वतः शोधलं तरी सापडू नये. त्यासाठी बाहेरचा दोरा चालत नाही. त्याच कपड्याच्या आत, शिवणीत जी जास्तीची माया सोडलेली असते, तिच्यातले धागे उसवून काढायचे आणि एकेक करून मूळ विणीत मिसळायचे. लोकांना वाटतं हे काम डोळ्यांचं आहे. डोळे नुसते सोबतीला असतात. खरं काम करतं डाव्या हाताचं पहिलं बोट. कापड त्या बोटावर ताणलेलं असतं, आणि सुई कुठल्या धाग्याखालून गेली, कुठे वर आली, हे ते बोट सांगतं. तीस वर्षं ते सांगत होतं आणि मी ऐकत होते.

दीड वर्षापूर्वी माझं रक्त बिघडलं. हाडांच्या आतला जो मगज रक्त तयार करतो, त्यालाच रोग झाला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आधी औषधं देऊन तुमचा सगळा मगज रिकामा करायचा, मग ज्याच्याशी तुमचं जुळतं अशा माणसाच्या मूळपेशी तुम्हाला चढवायच्या. त्या तुमच्या हाडांत जाऊन घर करतील आणि नवं रक्त बनवायला लागतील.

"म्हणजे रफूच की," मी म्हणाले. "घरच्याच कापडातला धागा."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई मोठी धीराची आहे. मी घाबरून बडबडत होते.

घरचं कापड म्हणजे एकुलता एक धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याचा आवाज एवढा मोठा, की आई त्याला भोंगा म्हणायची, आणि पुढे सगळेच म्हणायला लागले. तीन धंदे केले, तिन्ही बुडवले. बायको कंटाळून निघून गेली. काका-मामा त्याला तोंडावर उपटसुंभ म्हणायचे आणि तोही दात काढून हसायचा. आता तो दुसऱ्या गावी लिफ्ट दुरुस्त करतो, बसने तीन तास लागतात. त्याच्या पेशी माझ्याशी पूर्ण जुळल्या असं कळलं, तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यात एवढ्या जोरात ओरडला की नर्स धावत आली. पाच दिवस इंजेक्शनं घेतली, सहाव्या दिवशी चार तास यंत्राला जोडून पडून राहिला, आणि तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसाला आमच्या घराण्याचा सगळा इतिहास सांगून मोकळा झाला.

दवाखान्याने त्याला एक कार्ड दिलं. वर त्याचं नाव, खाली 'दाता'. ते तो पाकिटात पुढच्याच कप्प्यात ठेवतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढायच्या आधी तो दाराच्या फटीतून ही गोष्ट ऐकवतो म्हणे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी धड झालं होतं. मी वाचले होते.

बत्तीस दिवस मी काचेच्या खोलीत होते. घरी आल्यावरही वर्षभर जपायचं होतं. गर्दीत जायचं नाही, कुणाला जवळ घ्यायचं नाही, दारात आलेल्याने तोंड झाकायचं. लोक चांगलेच वागले, पण लांबून. शेजारीण दाराशी भाजीची पिशवी ठेवायची, बेल वाजवायची आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरून गेलेली असायची. रविवारी सकाळी अकराला भोंग्याचा फोन यायचा. त्याआधी आठवडाभर माझाच आवाज माझ्या कानावर पडलेला नसायचा, त्यामुळे 'हॅलो' म्हणायच्या आधी घसा खाकरून घ्यावा लागायचा.

"काय म्हणतोय माझा माल?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"मजेत आहे तुझा माल," हे माझं उत्तर.

माझा रक्तगटसुद्धा बदलून त्याचा झाला होता. "आता तू माझी शाखा," तो म्हणायचा. "मुख्य कार्यालय इकडे."

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा बजावली होती. या पेशी पाहुण्या आहेत. कधीकधी त्या यजमानालाच परका समजतात आणि त्याच्या अंगावर उठतात. कातडीवर, डोळ्यांवर, तोंडावर, क्वचित नसांवरही. माझ्या तोंडावर त्या आधीच उठल्या होत्या. थुंकी आटली होती, घास पाण्याशिवाय गिळता येत नव्हता. त्याला औषध चालू होतं. भोंग्याला मी सांगितलं होतं की औषधांनी तोंड सुकतं.

"हातापायांना मुंग्या? बधिरपणा? जळजळ?" दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या. "काहीही वाटलं तरी लगेच सांगायचं. वेळेवर कळलं तर आवर घालता येतो. नस एकदा मेली की मग आपल्या हातात फारसं काही राहत नाही."

"काही नाही," मी म्हणायचे.

चार महिने मी हेच म्हणत होते. आधी पायाची बोटं गेली, मग तळवे. जमिनीवर चालताना मध्ये गादी अंथरल्यासारखं वाटायचं. अंघोळीचं पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून बघावं लागायचं. मग हातांच्या बोटांची टोकं. आतून मुंग्या आणि आग, आणि वरून काहीच नाही. शर्टाचं बटण लावताना बोटांकडे बघत राहावं लागायचं, नाहीतर ती आपली हवेतच बटण लावत बसायची.

का नाही सांगितलं? वेडेपणा होता, मला माहीत आहे. पण सांगितलं असतं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, तुमच्या भावाच्या पेशी तुमच्या नसा खातायत. रविवारी भोंग्याने विचारलं असतं, काय म्हणतोय माझा माल? मग मी काय सांगणार होते? एवढ्या आयुष्यात त्याने एक गोष्ट नीट केली, तीही वाकडी निघाली, हे त्याला सांगायला मी नको होते. त्यापेक्षा बोटं गेली तर जाऊ देत, असं मी ठरवलं होतं. ठरवणं सोपं होतं, कारण बोटांनी काम करून बघण्याची वेळ तोवर आली नव्हती.

ती वेळ मास्तरांनी आणली. मास्तर म्हणजे ज्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी तीस वर्षं बसले ते. रफू मला त्यांनीच शिकवलं. खिडकीजवळची माझी खुर्ची त्यांनी दीड वर्ष रिकामी ठेवली होती. सोमवारी ते स्वतः तोंड झाकून आले, दारातच उभे राहिले आणि कागदात गुंडाळलेला एक कोट पुढे केला.

"बाई, घाई नाही म्हणणार होतो, पण आहे," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी गिऱ्हाईक येणार. दुसऱ्या कुणाला द्यायला जीव धजेना. आता माझी नजर साथ देत नाही. घरीच करा. जमलं तर पुढच्या आठवड्यापासून खुर्चीवर या."

दुधाळ रंगाचा लोकरीचा कोट. छातीवर, कॉलरच्या खाली, सिगारेटने जळलेलं शर्टाच्या बटणाएवढं भोक. मी तो हातात घेतला. लोकर कशी आहे, मऊ की राठ, हे मला कळलं नाही. वजन तेवढं कळलं. मी म्हणाले, "शनिवारी नक्की."

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी खिडकीत बसून होते. भिंग स्टँडला लावलं आणि जे बोट सांगायचं ते डोळ्यांना विचारत राहिले. पूर्वी जे काम मी दोन तासांत केलं असतं त्याला तीन दिवस लागले, पण होत होतं. मला अगदी बढाई मारावीशी वाटत होती, पण ऐकायला कुणी नव्हतं. शुक्रवारी सकाळी दहाच धागे उरले. ऊन छान पडलं होतं. तीन धागे झाले, चौथा घेतला, आणि कोट जरा उजेडाकडे फिरवावा म्हणून उचलला, तर माझं बोट त्याच्याबरोबर वर आलं.

मी बघत राहिले. बोट ओढलं, तर कोट आला. कोट ओढला, तर बोट गेलं. मी माझं बोट कोटाला रफू करून टाकलं होतं. चांगले तीन टाके, अगदी समान अंतरावर, कातडीच्या वरच्या पदरातून. नवशिकी पोरं कोट स्वतःच्या मांडीवरच्या कपड्याला शिवून ठेवतात, ते मी पाहिलं होतं, हसलेही होते. बोट शिवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

कात्री घेतली, धागे कापले, बोट सोडवलं. तिसरा टाका जरा खोल गेला होता. तिथून रक्ताचा एक थेंब आला आणि मी हात मागे घ्यायच्या आत दुधाळ लोकरीवर टेकला. मसुराएवढा लाल डाग. अजूनही दुखत नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू आलं. कोटासाठी नाही, बोटासाठी.

रडून डाग जात नाही. लोकरीवर पाणी घातलं तर पाण्याचं वर्तुळ उमटतं. औषधाने रंग उडतो. आमच्या धंद्यात रक्ताला एकच उपाय, मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेला. पांढऱ्या सुताची गोळी करायची, तोंडात घालून चघळायची, आणि ओली झाली की डागावर टेकवायची. पण ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दुसऱ्याची चालत नाही. दुकानात कुणाला सुई टोचली की मास्तर त्यालाच बोलवायचे, आणि इस्त्रीवाला एकदा जेवायला गेला होता तर त्याच्या रक्ताचा डाग घेऊन आम्ही त्याची वाट बघत बसलो होतो. शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत नाही. तीस वर्षांत एकही डाग राहिला नव्हता.

मी सूत तोंडात घातलं. चघळलं, फिरवलं, गालात दाबलं. तोंडात कापूस कोंबल्यासारखं झालं, आणि गोळी आत गेली तशीच कोरडी बाहेर आली. घोटभर पाणी पिऊन पुन्हा केलं. नुसतं पाणीच लागलं, डागाची कड गुलाबी होऊन पसरली. मी घाबरून थांबले.

आणि मग लक्षात आलं की थुंकी असती तरी काय उपयोग होता. रक्त माझं नव्हतंच.

कितीतरी वेळ मी तशीच बसले. डाग वाळू नये म्हणून खालच्या बाजूने ओलसर फडकं लावून ठेवलं होतं. फोन समोर होता. भोंग्याला बोलावलं तर कोट वाचतो, खुर्ची वाचते. काय सांगायचं ते ठरवून टाकलं. सुई टोचली. कुणालाही टोचते. बाकी एक अक्षर बोलायचं नाही.

"काय गं ताई? आज शुक्रवार ना?"

"भोंग्या, येतोस का? आत्ता निघ."

"ताप आलाय?"

"नाही. मला तुझी थुंकी हवीय."

पलीकडून हळूच, "परत बोल."

"थुंकी. एका कोटासाठी."

"ताई, तू एकटी राहून राहून..."

"डोकं ठिकाणावर आहे माझं. कोटावर रक्त सांडलंय, आणि ते रक्त तुझं आहे. थुंकी ज्याची त्याची लागते."

तो एवढ्या जोरात हसला की मी फोन कानापासून लांब धरला. "म्हणजे मुख्य कार्यालयातूनच माणूस पाठवायला हवा! आलोच. साहेबाला सांगतो, घरगुती आपत्ती आहे."

"आणि वाटेत चहा-कॉफी काही पिऊ नकोस. नाहीतर आणखी एक डाग पाडशील."

साडेतीनला तो आला, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच. दारात तोंड झाकलं, कोपरापर्यंत हात धुतले, आणि ताठ मानेने टेबलापाशी बसला. कोट आणि गोळ्या तयार होत्या. त्याला खिडकीच्या त्या टोकाला बसवलं, मी या टोकाला. मास्क हनुवटीवर ओढून त्याने पहिली गोळी चघळायला घेतली.

"चव नाही कसलीच," तो तोंड वाकडं करून म्हणाला.

"बोलू नकोस. चघळ. आता टेकव. घासू नकोस रे गाढवा! टेकव आणि उचल. टेकव आणि उचल."

पहिली गोळी गुलाबी झाली. दुसरी त्याहून कमी. तिसरी पांढरीच राहिली. भिंगातून बघितलं, वळवून बघितलं, पुन्हा उजेडात बघितलं. डाग नव्हता. भोंगा खुर्चीवरून उठला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "ओरिजिनल माल!" खालच्या मजल्यावरच्या माणसाने नक्कीच छताकडे पाहिलं असेल.

"दाखव बरं कुठे टोचली ती सुई," तो म्हणाला. "तुला? तीस वर्षांत तुला कधी टोचली नाही."

मी हात मागे घेतला. पण लिफ्टवाल्याची नजर. त्याने वाकून बघितलं. बोटाच्या टोकावर बारीक छिद्रांची रांग होती, आणि कातडीखाली दुधाळ धाग्याचा एक तुकडा राहिला होता. तो मलाही दिसला नव्हता.

"हे टाके आहेत," तो म्हणाला.

"हो."

"एक नाही, तीन आहेत. पहिला पडला तेव्हा दुखलं नाही?"

दुखलं, म्हणायचं होतं. कामात होते, लक्ष नव्हतं, म्हणायचं होतं. सगळं जिभेवर तयार होतं. पण समोर पांढरी गोळी पडली होती, त्याच्या तोंडातून निघालेली, आणि एवढ्या लांबून तो थुंकायला आला होता. माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही.

"टोचलं तेच कळलं नाही," मी म्हणाले. "बोटं गेलीयत, भोंग्या. पायांचीही."

"कधीपासून?"

"चार महिने."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांना सांगितलं नाही."

"का?"

मी सुताच्या गोळ्या गोळा करायला लागले. त्याने पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या पेशी आहेत त्या. त्या नसांवर उठल्या असतील."

तो खाली बसला. तो घरात असताना भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मी आजवर कधी ऐकला नव्हता. तो आता ऐकू येत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे बघायला नको म्हणून मी चार महिने तोंड बंद ठेवलं होतं, ते सगळं तिथे आलं. मी मान खाली घातली.

मग तो बोलला, आणि चक्क हळू बोलला. "ताई, मी लिफ्ट बसवली आणि दार लागताना कुणाचा हात अडकला, तर त्याने काय करायचं? लिफ्टवाल्याला वाईट वाटेल म्हणून गप्प उभं राहायचं?"

मी बोटातल्या त्या धाग्याच्या तुकड्याकडे बघत होते.

"ओरडायचं ना गं. ओरडायला नको होतंस?"

मग मी ओरडले नाही, पण रडले मात्र मनसोक्त. माणसासमोर रडून मला दीड वर्ष झालं होतं. त्याने मध्ये अडवलं नाही. तेवढ्या वेळात त्याने दवाखान्यात फोन लावला, दोन ठिकाणी आवाज चढवला आणि सकाळी नऊची वेळ मिळवली. मास्तरांनाही त्यानेच सांगितलं, कोटाचे सहा-सात धागे उरलेत, शनिवारी गिऱ्हाइकाला थांबवा. खुर्चीचं काय, हे मी त्याला विचारायला लावलं नाही. परत काय येईल आणि काय येणार नाही ते कुणालाच माहीत नव्हतं.

"उद्या विचारतील, कुठपर्यंत गेलंय," तो म्हणाला. मास्क वर ओढून त्याने खुर्ची जवळ घेतली. "नक्की सांगता यायला हवं. हात टेबलावर ठेव आणि डोळे मीट. कुठे कळतंय ते सांग."

मी डावा हात पुढे केला, डोळे मिटले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी वाट बघत राहिले.

"लाव ना हात," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही.

"अरे, लाव की. किती वेळ?"

तरी नाही. मला वाटलं उठून गेला की काय. मी डोळे उघडले. माझी पाचही बोटं त्याने दोन्ही हातांत धरून ठेवली होती. एवढी घट्ट, की त्याच्या नखांखाली पांढरं झालं होतं. कधीपासून धरली होती कोण जाणे.

"कळलं?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्याने हात सोडला नाही.